कपाटाबाहेरच्या टेंभरे मॅडम

टेंभरे मॅडम आमच्या शाळेत पहिल्या दिवशी आल्या तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग कपाट दाखवलं. उघडून नाही, नुसतं दाखवलं.

"ह्याच्यात तुमचं सगळं साहित्य हाय मॅडम. वरून आलेलं. सीलबंद."

"मग उघडा ना, सर."

"उघडलं तं पोट्टे हात लावतीन."

"हात लावण्यासाठीच पाठवलंय ते."

"अन् तुटलं तं? स्टॉकबुकात सही माही हाय."

आमचे हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. उलट जीव लावणारे होते, फक्त तो जीव त्यांनी कपाटाला लावला होता. दर शनिवारी फडक्यानं पुसायचे त्याला. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. मी त्या शाळेत खिचडी शिजवते, माझी चूल हेडमास्तरांच्या खोलीला लागून आहे, म्हणून हे सगळं मला घरच्यासारखं ऐकू येत असे.

मॅडमनी कपाटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या शाळेच्या मागं धानाच्या बांध्या, बांध्यांच्या पलीकडे बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीच्या पलीकडे जंगल सुरू होतं.

"आणि त्या सगळ्याचं स्टॉकबुक कोणाकडे आहे?"

"त्याचं कायचं स्टॉकबुक? कोनाकडंच नाई."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या आणि पाणी पिऊन उठल्या. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्याचे दोन दिवस, त्यांचा दवाखाना उघड्यावर.

दवाखाना म्हणते, पण सुई नाही की गोळी नाही. ज्या लेकरांना चालताना तोल जातो, पेन्सिल धरता येत नाही, गुंडी लागत नाही, आवाज झाला की कान झाकून बसतात, अशा आसपासच्या गावांतल्या सहा-सात लेकरांना रोजची कामं रोजच्यासारखी करता यावीत, हे त्यांचं काम. हेडमास्तरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'व्यवसायोपचार' लिहिलं. ते वाचून एक बाप दुसऱ्याच दिवशी विचारायला आला, "मॅडम, माह्या पोराले कायचा धंदा लावून देता? किराना दुकानाचा जमते का पाहा ना. गिऱ्हाईकायशी चांगला बोलते तो." मॅडम म्हणाल्या, "आधी स्वतःच्या चड्डीची नाडी बांधायचा धंदा लावू. मग दुकान बघू."

मॅडम गोंदियाच्या, बाजारातल्या. धीर असला की मराठी बोलायच्या, सुटला की हिंदी. अंगानं भरलेल्या, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. निसर्गावर त्यांचं फार प्रेम होतं, पण बेडकाला भ्यायच्या. बोडीकाठी लेकरांना बसवून "पाणी कसं लागतं हाताला, थंड की गरम?" असं गोड विचारत असायच्या आणि मध्येच बेडूक उडाला की "अरे बाप रे, हटाओ इसको!" करून दोन पावलं मागं. लेकरांना हे कळलं. मग ज्याला चिमटीत काही धरता येत नव्हतं असा एक मुलगा बेडूक धरायला शिकला. तीन आठवड्यांत! मॅडमनी त्याला शाब्बास म्हटलं नाही. त्या कुणालाच म्हणत नसत. "हं, पुढं," एवढंच. शाब्बास म्हटलं की पोरगं काम सोडून आपल्या तोंडाकडे पाहतं, असं त्यांचं म्हणणं. पण त्या दिवशी 'हं, पुढं'सुद्धा त्या झाडामागून म्हणाल्या.

महिन्याच्या शेवटी त्यांना एक फॉर्म भरावा लागे. फॉर्म वरच्या कार्यालयाचा. त्यात चिखलाला रकाना नव्हता, धानाला नव्हता, बेडकाला तर नव्हताच. माझ्या चुलीजवळ पाटावर बसून मॅडम तो भरायच्या. चिखल तुडवला हे 'मऊ माध्यमातील बहुसंवेदी अनुभव' व्हायचं. वाळली पानं गोळा केली ते 'सूक्ष्म कारक कौशल्य'. मी एकदा विचारलं, "अन् मी हे खिचडी घोटून राहिली, याले काय म्हनतीन?"

"द्विपार्श्व स्कंध समन्वय."

बाप्पा! तेव्हापासून माझा खांदा जास्तच दुखतो.

आता कोमलचं सांगते, कारण मॅडमचं सगळं सांगणं शेवटी तिथंच येतं.

कोमल सात वर्षांची. तिच्या हाताला ओलं किंवा चिकट काही लागलेलं चालायचं नाही. लागलं की असा आकांत करायची की वाटावं विंचू चावला. म्हणून दोन्ही हात छातीपुढं उचलून, बोटं फाकवून बसायची. चमचा दिला तर फेकून द्यायची. शाळेत सगळी पोरं खिचडीवर तुटून पडत आणि ही भरल्या ताटापुढं तशीच. तिची आई सुनीता मजुरीला जायची. बाप सडक अर्जुनीच्या ढाब्यावर, महिन्यातून एकदा येणारा. रोज दुपारी सुनीता असेल त्या शेतातून धावत यायची, हँडपंपावर हात धुवायची, लेकीला भरवायची, पुन्हा धावत जायची. ती आली नाही तर पोरगी उपाशी. मी भरवून पाहिलं, माझ्या हातचं घेत नव्हती. सुनीता एकदा मॅडमसमोर बसून म्हणाली, "मॅडम, तिनं लिहू नये, वाचू नये, मले काही नाई. फक्त आपल्या हातानं जेवली पायजे. मी मेली तं हिले कोन भरवल?"

मॅडमनी धीराचं काही बोलायचं सोडून विचारलं, "तुम्ही दुपारी किती वाजता येता?"

"घंटी वाजली का."

"उद्यापासून घंटी झाल्यावर थोडं थांबून या. आधी थोडं, मग अजून थोडं. हँडपंपाच्या मागं उभं राहा वाटलं तर. पण लगेच येऊ नका."

सुनीतानं असं पाहिलं जसं हिला लेकीची वैरीण भेटली. पण ऐकलं. बिचारी हँडपंपामागं उभी राहून पदर चावायची.

तिकडे मॅडमनी कोमलला कोरड्यापासून सुरू केलं. टोपलीभर धान, त्यात चिंचोके लपवलेले, शोधून काढ. मग वाळू. मग किंचित ओली वाळू. कोमल तिथं थांबायची. ओल्या वाळूच्या पुढं म्हणून ती जाईना. पावसाळ्यात बाकीची लेकरं धुऱ्यावरून चालायची, म्हणजे दोन बांध्यांमधल्या त्या वीतभर मातीच्या कडेवरून, तोल शिकायला. आणि ही आपली हात वर करून कडेला उभी. जणू बाकीच्यांना शरण गेली.

धुऱ्याचीच गोष्ट. रोवणीचे दिवस होते. एका लेकराचा बाप बैल सोडून तिथं येऊन उभा राहिला आणि मॅडमला बोलू लागला, "काय हो मॅडम, आमी जलमभर याच चिखलात राहिलो. पोट्टं चिखलातून निघावं म्हनून शाळेत धाडलं. अन् तुमी शाळेतून काढून चिखलातच आनून राहिले? हे तं घरी बी फुकटच होतं."

त्याचं काही चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. मॅडम त्याला समजवायला वळल्या. "दादा, घरी तो चिखलात काम करतो. इथं चिखल त्याच्यावर काम करतो. बघा, चालताना आधी टाच, मग..." आणि टाच दाखवता दाखवता गेल्या. धप्प! सगळ्याच्या सगळ्या, बांधीत, रोवलेल्या चार ओळींतले धानाचे परे आडवे करून.

कुणी हसेना. गोंदियाची बाई, सरकारी बाई, हसायचं कसं? मग एका लेकरानं सुरुवात केली आणि मग कोणीच थांबेना. तो बाप तर धुऱ्यावर बसूनच हसला. मॅडम उठल्या नाहीत. "आता पडलेच आहे तर," म्हणून तिथंच चिखलात मांडी घालून बसल्या आणि बाकीचा तास तिथूनच घेतला. बाप जाताना म्हणाला, "बुधवारी बी घेत जा ना मॅडम क्लास." त्या महिन्याच्या फॉर्मात 'समतोल : विशेष सुधारणा आवश्यक' असं होतं आणि लाभार्थ्याच्या नावापुढं त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. वरून तो फॉर्म 'योग्य' असा शेरा घेऊन परत आला. कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

मोह फुलला तेव्हा शाळा सकाळची झाली होती. एका शुक्रवारी मॅडम सगळ्यांना घेऊन जंगलाच्या कडेला गेल्या. पिण्याचं पाणी घेऊन मी मागून निघाले आणि पोचते तो पाहते, लेकरं मैनाबाईच्या मोहाखाली!

आमच्याकडे हे लहान लेकराला कळतं. झाड जंगलातलं असलं तरी ते कोणाचं तरी असतं. कागद नाही, कुंपण नाही. पण मोह पडायच्या आधी ज्यानं झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केली, ज्याच्या आजीपणजीनं तिथं वेचलं, त्याचं ते झाड. दुसरा कोणी फूल उचलत नाही. मॅडमला झाडाखालची स्वच्छ जागा दिसली आणि वाटलं, कोणीतरी किती छान झाडून ठेवलंय मुलांसाठी.

मैनाबाई मडावी टोपली घेऊन आलीच.

"ए बाई! कोनाच्या झाडाखाली बसली तू?"

"जंगल सरकारचं आहे ना, आजी."

"सरकार येऊन झाडलं काय इथं? सरकारनं पाला जाळला काय? माह्या सासूच्या सासूपासून हे झाड आमचं."

"मला काय माहीत. झाडावर नाव लिहिलंय का?"

"तुह्या नवऱ्यावर लिहिलं हाय काय? तरी सांभाळून राहिलीच ना?"

मी मध्ये पडले. "मैनाबाई, मॅडम शहरातल्या हायेत, त्यायले माहीत नाई. मॅडम, हे झाड खरंच त्यायचंच हाय." मैनाबाई मनानं मोकळी. लेकरांकडे पाहून तिचा पारा उतरू लागला. "बरं, जाऊ दे. लेकरं हायेत. ओंजळ ओंजळ नेऊ दे..."

भांडण मिटलंच होतं. तेवढ्यात मॅडम कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नको आम्हाला तुमची ओंजळ! असा कसा मोह? अर्धा किडका दिसतोय."

मी थक्क! मैनाबाईच्या मोहाला किडका? अहो, त्या बाईला उपाशी म्हटलं असतं, आळशी म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती अशी उसळली की झाडावरचे पोपट उडाले. "माहा मोह किडका? तुही नजर किडकी! तुह्या सात पिढ्यायनं पाहिला नसन असा मोह!" मॅडम म्हणतात, "गोंदियात याच्यापेक्षा चांगला मिळतो." ती म्हणते, "गोंदियात मोहाचं झाड दाखव, मी नाक कापून देतो!" ती थांबली की ह्या नवीन काडी लावत. मी मॅडमचा हात धरला, "काऊन वाढवून राहिल्या जी?" तर त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. आणि डोळ्यांनी, नुसत्या डोळ्यांनी, मैनाबाईच्या मागं पाहा म्हणाल्या.

मागं कोमल बसली होती. सगळं जग भांडणाकडे पाहत होतं. हिच्याकडे कोणीच नाही. आणि तिनं एक मोहफूल उचललं होतं. तुम्ही मोह हातात घेतलाय ना? रसानं टच्च भरलेला, गुळासारखा चिकट. तिनं तो बोटांत धरला, टाकला, हात फ्रॉकला पुसला. मी वाट पाहिली आता ओरडते. नाही ओरडली. दुसरा उचलला. पिळला. रस बोटांवरून आला. तिनं बोट तोंडात घातलं.

मैनाबाई दमेपर्यंत मॅडमनी भांडण चालू ठेवलं. कोमलनं पाच-सहा फुलं खाल्ली. मग मॅडम एकदम म्हणाल्या, "चुकलं आजी, माफ करा. तुमच्यासारखा मोह अख्ख्या तालुक्यात नाही," आणि लेकरांना घेऊन निघाल्या. मैनाबाई तोंड उघडं ठेवून पाहतच राहिली, ही बाई येडी का खुळी.

परतताना मॅडमनी मला सांगितलं, "मावशी, सात वर्षं त्या पोरीच्या हाताकडे सगळं घर टक लावून बसलंय. आज लावेल, आता लावेल. हात आहे की परीक्षेचा पेपर? एकदा तरी कुणी पाहत नाही असं व्हायला हवं होतं."

संध्याकाळी मी मैनाबाईला खरं काय ते सांगितलं. ती चिडलीच. "मंग मले आधी काऊन नाई सांगतलं? अजून दोन शिव्या दिल्या असत्या."

त्यानंतर कोमल फुटाणे, मुरमुरे, गुळाचा खडा असं हातानं खाऊ लागली. भात तेवढा राहिला होता. भात ओला, गरम, पाच बोटांना लागणारा. मॅडम म्हणायच्या, "होईल." कधी, ते सांगत नसत.

पण त्या भांडणाचा कोणीतरी फोटो काढला होता. लेकरं मोहाखाली वाकलेली, बाजूला टोपली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फिरला, खाली लिहिलेलं, 'शाळेच्या वेळेत बालमजुरी!' लिहिणाऱ्याची स्वतःची पोरं रोज सकाळी मोह वेचूनच शाळेत यायची, पण ती काही फोटोत नव्हती. फोटो वर गेला. वरून तीन साहेब चौकशीला आले. एकाजवळ फाइल, एकाजवळ मोबाइलचा कॅमेरा आणि तिसऱ्याजवळ नुसतं पोट.

पहिला प्रश्न, मुलांना बाहेर का नेलं? दुसरा, साहित्य असताना का नेलं? मग कपाट उघडायचं ठरलं. हेडमास्तरांनी गळ्यातली किल्ली काढली. इतक्या वर्षांत कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. आत सीलबंद पेटी. पेटीखालून वाळवी शिरलेली, माहितीचं पुस्तक खाऊन मोकळी झालेली. प्लास्टिक मात्र शाबूत. प्लास्टिकचं झाड, त्याला लावायची प्लास्टिकची सफरचंदं आणि हिरव्या प्लास्टिकच्या गवताची चटई. साहेबांनी चटई टेबलावर पसरली, तिच्यावरून हात फिरवला.

"हे पाहा मॅडम. निसर्ग तर इथंच आहे. सुरक्षित, स्वच्छ. जंगलात जायचं कारणच काय?"

खिडकीतून खरं जंगल दिसत होतं.

तेवढ्यात जेवणाची घंटी झाली. मी ताटं वाढली. सुनीता हँडपंपामागं होती आणि त्या दिवशी साहेबांच्या गाडीला भिऊन ती पुढं येईचना. पोरांचं सगळं ध्यान त्या गाडीत. कोमल ओळीच्या टोकाला. मी दुसऱ्यांदा वाढायला गेले आणि तिथंच थबकले. तिच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत खिचडी होती. ती घास करत होती. वेडावाकडा, अर्धा सांडणारा. पण तोंडात जात होता. हँडपंपामागून सुनीताचा नुसता पदर दिसत होता, तोंडात कोंबलेला.

मी ऑफिसच्या दारात गेले आणि मॅडमच्या कानात सांगितलं, "कोमल भात खाऊन राहिली. हातानं." त्यांनी मान हलवली नाही. फक्त टेबलाची कडा घट्ट धरली.

साहेब म्हणत होते, "कार्यवाही टाळायची तर आम्हाला परिणाम दाखवा. एक तरी लाभार्थी प्रत्यक्ष दाखवा. फोटो घेऊ, जोडू, विषय बंद करू. तुमचं बाहेरचं काम तसंच चालू राहील." कॅमेरावाल्यानं मोबाइल काढलासुद्धा.

हेडमास्तरांनी माझं बोलणं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा ते कपाटाकडे पाठ करून उभे होते. "मॅडम, दाखवा ना! ते पोरगी, व्हरांड्यातच..."

"सर," मॅडम म्हणाल्या. एवढंच. मग साहेबांकडे वळून, "दाखवण्यासारखं काही नाही, साहेब."

"काहीच नाही? वर्षभरात?"

"आज तरी नाही."

तीन साहेब, एक मोबाइल, हेडमास्तर आणि गाडीचा ड्रायव्हर असे सहा जण त्या पोरीभोवती उभे राहिले असते तर हात पुन्हा छातीशी गेला असता. कदाचित कायमचा. हे मॅडमला कळत होतं, हेडमास्तरांना कळलं आणि मलाही. साहेबांना कळायचं काही कारण नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'परिणाम आढळून आला नाही. बाह्य उपक्रम तात्काळ बंद.' पोटवाले साहेब हात धुवायला म्हणून दाराकडे निघाले, तर मी दारातच उभी. "पानी आत आनून देतो साहेब, बाहेर पोट्ट्यायनं लई सांडून ठेवलं." त्यांना खिचडीपण आतच नेऊन दिली. चांगली दोन ताटं खाल्ली त्यांनी.

मॅडमचं आमच्याकडे येणं त्या दिवशी संपलं. आता त्या तालुक्याच्या केंद्रात, बंद खोलीत, प्लास्टिकच्या चटईवर बसतात असं ऐकते. तिथल्या झाडाला सफरचंदं लावतात पोरं. आमच्या जिल्ह्यात सफरचंदाचं झाड कोणत्या पोरानं पाहिलंय देव जाणे.

त्या दिवशी मॅडम ऑफिसातून निघाल्या ते मला दिसलं. स्कूटर व्हरांड्यासमोरच होती. स्कूटरकडे जाताना कोमल त्यांच्या डाव्या हाताला चार पावलांवर होती, अजून जेवतच होती. मॅडम तिच्याकडे न पाहता गेल्या. मान सरळ, जशी ती कोणा अनोळखी बाईची लेक. हेल्मेट घातलं. स्कूटरवर बसल्या, व्हरांड्याकडे पाठ करून. गाडी काही सुरू करेनात. मला वाटलं पेट्रोल संपलं. पाहते तर डाव्या बाजूचा आरसा नीट करत होत्या. थोडा वर, थोडा खाली, थोडा आत. इतका वेळ मी कोणाला आरसा लावताना पाहिलं नाही. मागून साहेबांची गाडी हॉर्न वाजवू लागली, बाजूला व्हा म्हणून.

मॅडम झाल्या नाहीत. आरशात पाहत बसून राहिल्या.